शिशाची गोळी सोडताना: नळी साफ करण्यापासून आतडी पुरण्यापर्यंत

गेली २१ वर्षं आमच्या शिकारी गटात जनावर सोलायचं आणि कापायचं काम माझ्याकडे आहे. बार मीही टाकते, पण सुरी घेण्याची वेळ आली की बाकीचे आपणहून बाजूला होतात. जखमेभोवतीचं चार बोटं मांस कापून फेकायचं, उरलेलं स्वच्छ, असं मला शिकवलं होतं. मीही पुढे दहाएक जणांना तेच शिकवलं. ते चुकीचं होतं, हे मला सात वर्षांपूर्वी एका दुपारी कळलं.

माझ्या एका मैत्रिणीचा जनावरांचा दवाखाना आहे. तिच्याकडे हरणाचा एक पुढचा फरा घेऊन गेले आणि तो क्ष-किरण यंत्राखाली ठेवायला सांगितलं. गोळी बरगड्यांतून आरपार गेली होती, फऱ्याला निसटती लागली होती. खराब झालेला भाग मी नेहमीसारखा काढून टाकला होता. पडद्यावर चित्र उमटलं आणि आम्ही दोघी गप्प झालो. जखमेच्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांची दाटी होती, मग ते विरळ होत होत पार दुसऱ्या टोकाला गेले होते. काही ठिपके मिठाच्या कणाहून बारीक होते. सर्वांत लांबचा ठिपका गोळीच्या वाटेपासून ३१ सेंटिमीटरवर होता. मी पट्टी लावून मोजला. त्या जागी मांसावरून बोट फिरवलं तर काहीही लागेना. मांस लाल, ताजं, सुरेख दिसत होतं. त्याच फऱ्याचा खिमा त्या आठवड्यात माझ्या भाचीच्या ताटात जाणार होता. ती तेव्हा तीन वर्षांची होती.

तेव्हापासून आमच्या घरात शिशाच्या गोळीने मारलेलं जनावर येत नाही. शिकार जिथे कायद्याने मान्य आहे तिथे, परवान्याने, स्वतः खाण्यासाठी शिकार करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. बदल अवघड नाही, पण त्याचा एक क्रम आहे. तो पाळला नाही तर पहिल्याच दिवशी नेम चुकतो आणि माणूस वैतागून शिशाच्या काडतुसांच्या जुन्या डब्याकडे वळतो.

आधी काय घडतं ते समजून घ्या

शिसं मऊ असतं, म्हणूनच ते गोळीसाठी वापरात आलं. नेहमीच्या रायफलच्या गोळीत आत शिसं आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच असतं. जनावरात शिरताच गोळीचं टोक छत्रीसारखं उमलतं आणि उमलताना शिसं तुटून उडतं. हाडाला लागली तर जास्तच. मोठा तुकडा आरपार जातो किंवा कातड्याखाली अडकतो, आणि तो सापडला की आपल्याला वाटतं गोळी मिळाली. उरलेलं शिसं मांसात पसरलेलं असतं.

२००९ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास मी गटातल्या प्रत्येकाला सांगते. साध्या शिसेभरल्या गोळ्यांनी मारलेली ३० हरणं संशोधकांनी घेतली, आतडी काढलेल्या धडांची क्ष-किरण चित्रं काढली, आणि मग ती वेगवेगळ्या मांस कापून देणाऱ्यांकडे नेहमीच्या गिऱ्हाइकासारखी दिली. एका हरणात सरासरी १३६ तुकडे दिसले. कमीत कमी १५, जास्तीत जास्त ४०९. परत आलेल्या खिम्याच्या २३४ पाकिटांपैकी ३२ टक्क्यांत धातूचे कण होते. म्हणजे हे काम रोज करणाऱ्या हातांतूनही ते सुटले. मग कण असलेलं मांस डुकरांना खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं. गिळलेला कण नुसता पोटातून निघून जातो, हा युक्तिवाद तिथेच संपतो.

रक्तातल्या शिशाची निर्धोक पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो, लहान मुलांत निम्म्यापर्यंत. पोहोचतं ते हाडांत जाऊन बसतं आणि दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात हाडातलं कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर शिसंही सुटून बाळापर्यंत जातं. मुलांच्या मेंदूवर, शिकण्यावर, लक्ष लागण्यावर त्याचा परिणाम होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. जगातल्या शेवटच्या देशाने २०२१ मध्ये वाहनांसाठीचं शिसेयुक्त पेट्रोल बंद केलं. रंगातून, नळातून, पेट्रोलमधून जे इतक्या कष्टाने काढलं, ते आपण आपल्याच हाताने मांसात पेरतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोळी निवडणं

मोठ्या जनावरासाठी पूर्ण तांब्याची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची, उमलणारी गोळी घ्या. अशा गोळ्या १९८० च्या दशकापासून बनताहेत. यात आता प्रयोगाचं काही उरलेलं नाही. डब्यावर 'शिसेविरहित' किंवा 'पूर्ण तांबं' असं स्पष्ट लिहिलेलं बघा. नुसतं तांब्याचं कवच असलेली गोळी बाहेरून तशीच लालसर दिसते, पण तिच्या पोटात शिसंच असतं. पूर्ण कवचाची, न उमलणारी लष्करी पद्धतीची गोळी तर शिकारीला घेऊच नका. ती जनावराला नुसतं भोक पाडते आणि ते तडफडत लांब जाऊन मरतं.

आता वजन. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, तांब्याची ८.९६. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी म्हणून लांब असते आणि लांब गोळी स्थिर उडायला नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ जास्त लागतो. तुमच्या नळीचा पीळ सौम्य असेल तर जड तांब्याची गोळी लक्ष्याच्या कागदावर आडवी लागल्यासारखं लांबट भोक पाडते. उपाय सोपा आहे, एक पायरी हलकी गोळी घ्या. मी १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप, म्हणजे पावणेदहा ग्रॅम) शिशाची वापरत होते, आता १३० ग्रेन तांब्याची वापरते. हलकी गोळी कमी पडेल ही भीती मलाही होती. पण शिशाची गोळी जनावरात शिरताना आपलं बरंच वजन गमावते, तांब्याची जवळजवळ सगळं राखते. शेवटी आत काम करणारा तुकडा तांब्याचाच जड भरतो. शिवाय हलकी गोळी वेगाने जाते आणि तांब्याला वेग हवाच असतो. तांबं मऊ नाही. वेग पडला तर ते नीट उमलत नाही. बऱ्याच गोळ्यांना लागण्याच्या क्षणी सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास वेग लागतो, काहींना थोडा कमी. बनवणारे हा आकडा देतात. तो शोधा, तुमच्या काडतुसाच्या तक्त्यात कुठल्या अंतरावर वेग त्याच्याखाली जातो ते बघा, आणि ते अंतर तुमची शेवटची हद्द समजा. माझी हद्द २०० मीटर आहे आणि मी ती ओलांडत नाही.

पहिल्यांदा दोन-तीन प्रकारचे डबे घ्यावे लागतील, कारण प्रत्येक नळीला आपली आवड असते. खर्चाची तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. मोसमात तुम्ही जनावरावर किती बार टाकता ते मोजा. माझे गेल्या मोसमात चार झाले.

नळी साफ करा, अगदी तळापर्यंत

ही पायरी लोक गाळतात आणि मग गोळीला दोष देतात. जुन्या गोळ्यांच्या कवचाचा थर नळीत बसलेला असतो आणि त्यावरून नवी गोळी गेली की बार विखुरतात. तांबं विरघळवणारं द्रावण फडक्यावर घेऊन नळीतून फिरवा, थांबा, कोरडं फडकं घाला. फडक्यावर निळसर-हिरवा डाग येईल. पुन्हा करा. माझ्या रायफलला पहिल्या वेळी दोन संध्याकाळी लागल्या. अकरावं फडकं पांढरं निघालं तेव्हा थांबले. मग नव्या गोळीचे आठ-दहा बार टाकून नळी बसू द्या आणि त्यानंतरच नेमाबद्दल मत बनवा.

नेम लावताना आधी ५० मीटरवर तीन बार, दुर्बीण सारखी करा, मग १०० वर, मग तुमच्या हद्दीच्या अंतरावर. तीनतीनच्या गटाने टाका आणि मध्ये नळी गार होऊ द्या. शिशाच्या आणि तांब्याच्या गोळीचा मारा १०० मीटरवर तळहाताएवढा वेगळा पडू शकतो, म्हणून दोन्ही डबे एकाच पिशवीत ठेवू नका.

सरावाची जागा नीट बघा. तांब्याची गोळी दगडावर आपटली तर तिचे तापलेले तुकडे वाळलेलं गवत पेटवू शकतात. अमेरिकेच्या वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून दाखवलेलं आहे. मागे मातीचा उंचवटा असलेली जागाच निवडा. आणि गोळी तांब्याची झाली म्हणून सरावाच्या जागेतली धूळ निर्धोक झाली असं नाही. बहुतेक काडतुसांच्या टोपीतल्या, बार पेटवणाऱ्या स्फोटकात अजून शिशाचं संयुग असतं. घरी आल्यावर हात-तोंड साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, आणि त्याच कपड्यांत मुलांना उचलू नका.

जनावरासमोर

नेम तोच, पुढच्या पायामागे, काळीज आणि फुफ्फुसावर. मी तो आता बोटभर पुढे, फऱ्याकडे सरकवते. शिशाच्या वेळी फऱ्याचं हाड टाळायचे, कारण मांस रक्ताळून वाया जायचं. तांब्याची गोळी हाड फोडून सरळ पुढे जाते आणि खराब होणारं मांस कमी असतं.

एक फरक मनाशी पक्का ठेवा. तांब्याच्या गोळीने जनावर कधी कधी जागेवर न पडता थोडं पळतं. माझं पहिलं हरीण पन्नास-साठ पावलं पळालं आणि मला वाटलं बार चुकला. चुकला नव्हता. गोळी आरपार गेली होती, दोन्ही बाजूंनी भोकं होती, आणि पाचोळ्यावर फेसाळ, उजळ लाल रक्ताची इतकी रुंद रेघ होती की शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जनावर कुठे उभं होतं ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा, थांबा, आणि मग सावकाश माग काढा.

छऱ्यांची बंदूक

पाणपक्ष्यांसाठी हा बदल जगात बराच आधी सुरू झाला. बदकं दाणे भरडण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि चिखलात पडलेला छर्रा त्यांना खडाच वाटतो. पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या पोटात, तो खड्यांबरोबर घासला जातो, आम्लात विरघळतो, आणि बदक काही आठवड्यांत वाळत जाऊन मरतं. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीतून शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर हद्दपार केले. पुढे संशोधकांनी अंदाज बांधला की १९९७ च्या एका मोसमात त्यामुळे सुमारे १४ लाख बदकं विषबाधेपासून वाचली. डेन्मार्कने १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीतून शिशाचे छर्रे काढले आणि एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्याही. युरोपीय संघात पाणथळ जागांवर फेब्रुवारी २०२३ पासून शिशाचे छर्रे चालत नाहीत.

पोलादी छर्रे सर्वांत सहज मिळतात. ते हलके असतात, म्हणून शिशाच्या छऱ्यापेक्षा दोन आकार मोठे घ्या आणि पस्तीस मीटरच्या आत बार टाका. पोलाद दबत नाही, त्यामुळे फार आवळलेला चोक (नळीच्या तोंडाचा अरुंद भाग) वापरू नका. अर्धा किंवा त्याहून मोकळा ठेवा. कागदावर बार टाकून छर्रे कसे पसरतात ते आधी बघा. आजोबांच्या काळातली, पातळ नळीची बंदूक असेल तर तिच्यात पोलाद घालूच नका, जाणकार बंदूक-कारागिराला दाखवा. तिच्यासाठी बिस्मथ आहे. तो मऊ असतो आणि वजनाने शिशाच्या जवळ जातो. टंगस्टनचे छर्रे सर्वांत जड आणि सर्वांत महाग. पाण्यावरून आणि दगडावरून पोलादी छर्रे जोरात उसळतात, तेव्हा साथीदार कुठे उभे आहेत त्यावर जास्तच नजर हवी.

पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंच नळीच्या) छोट्या काडतुसांत मात्र खरी अडचण आहे. शिसेविरहित मिळतात, पण ती हलकी असतात आणि काही नळ्यांत त्यांचे बार एका जागी पडत नाहीत. तीन प्रकार वापरून बघा. माझ्या बंदुकीला तिसरा मानवला.

मागे काय सोडून येतो

आतडी जागेवर काढून आपण निघून येतो. आपल्यानंतर तिथे गिधाडं, गरुड, कावळे, कोल्हे येतात. आपल्या गोळीच्या वाटेवरचे सगळ्यात जास्त कण त्याच ढिगात असतात, फुफ्फुसात आणि काळजात. गरुडाच्या पोटातलं आम्ल हाड विरघळवण्याइतकं तीव्र असतं, तिथे शिशाचा कण किती टिकणार? विष चढलेला पक्षी मान टाकतो, पंख लोंबतात, पायांच्या मुठी आवळल्या जातात, आणि अन्न समोर असून तो उपाशी मरतो, कारण त्याची अन्ननळीच चालेनाशी होते. अमेरिकेतल्या ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांच्या नमुन्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्म्या गरुडांच्या हाडांत दीर्घकाळ साठलेल्या शिशाच्या खुणा होत्या.

कॅलिफोर्नियाच्या काँडॉर गिधाडांची गोष्ट तर मला झोपू देत नाही. १९८२ मध्ये जगात २२ उरली होती. १९८७ मध्ये रानातली शेवटची सगळी पकडून आणली, पिंजऱ्यात वाढवली, १९९२ पासून परत सोडायला सुरुवात केली. एवढं करून सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं ज्ञात कारण शिशाची विषबाधाच निघाली. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. ॲरिझोनात मात्र बंदी न घालता २००५ पासून काँडॉरच्या भागातल्या शिकाऱ्यांना शिसेविरहित काडतुसं फुकट दिली, नीट समजावून सांगितलं, आणि त्यांतले बहुसंख्य शिकारी आपणहून बदलले. शिकाऱ्याला कळकळ नसते असं म्हणणाऱ्यांना मी हे ॲरिझोनाचं उदाहरण देते.

तांब्याची गोळी वापरली असेल तर आतडी बिनधास्त तिथेच सोडा, रानाचं अन्न रानाला. अजून शिशाचा डबा संपायचा असेल तर हातभर खोल खड्डा करून पुरा, वर दगड रचा, किंवा पिशवीत भरून घेऊन या. जखमेभोवतीचं कापलेलं मांस कुत्र्याला घालू नका. मी वर्षानुवर्षं घालत आले आणि त्याचा सल आहे.

फ्रीजमध्ये आधीपासून असलेलं मांस

शिशाच्या गोळीचं आहे आणि कुठल्या भागाचं ते ठाऊक नाही? मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका. खिमा सर्वांत धोक्याचा, कारण यंत्र एक कण दहा पाकिटांत वाटतं. मागच्या मांडीचे अखंड तुकडे त्या मानाने बरे. जखम पाण्याने धुऊन काढायचा मोह टाळा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तपासणीत दिसलं की धुतल्याने शिसं जखमेपाशी घटतं, पण पाण्याबरोबर बाकीच्या मांसावर पसरतं. व्हिनेगर, लिंबू किंवा दुसऱ्या आंबट गोष्टीत मुरवूही नका; आम्लात शिसं जास्त सुटतं. घरात असं मांस वर्षानुवर्षं खाल्लं जात असेल तर डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा. साधी रक्ताची तपासणी आहे. अमेरिकेत मुलांच्या बाबतीत ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी ओलांडली की शिसं कुठून येतंय याचा शोध घेतात.

साथीदारांना सांगताना

आमच्या गटातले सगळ्यात ज्येष्ठ काका दोन वर्षं बधले नाहीत. आकडे सांगितले, ॲरिझोना सांगितलं, क्ष-किरणाचं चित्र दाखवलं. "आम्ही जन्मभर खाल्लं, काय झालं?" एवढंच उत्तर. मग मी वाद सोडला आणि पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन घेऊन गेले. हे तुम्हीही करा. भाषणापेक्षा उपयोगी पडतं.

मातीच्या बांधापुढे सहा कॅन एकामागे एक, चिकटून ठेवायचे, खाली ताडपत्री. पन्नास मीटरवरून एकच बार. काकांनी त्यांच्याच डब्यातली १५० ग्रेनची गोळी घातली, म्हणजे पावणेदहा ग्रॅम. मोठा तुकडा चौथ्या कॅनमध्ये सापडला. ताडपत्रीवरचं पाणी बारीक फडक्यातून गाळलं, तळाशी करडी कणी आली. छोट्या तराजूवर तुकडा ६.१ ग्रॅम भरला, कणी जेमतेम एक ग्रॅम. बाकीचं सापडलं नाही. काका गुडघ्यावर बसून ताडपत्री हाताने चाचपत राहिले. मग सहा नवे कॅन लावले आणि माझी १३० ग्रेनची, ८.४ ग्रॅमची तांब्याची गोळी टाकली. ती पाचव्या कॅनमध्ये मिळाली, चार पाकळ्या मागे वळलेली. तराजूवर ८.४.

काकांनी ती तळहातावर उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "माझ्या नळीचा पीळ किती आहे, बघून सांगशील का?"